फ्रेडी मर्क्युरी

फ्रेडी मर्क्युरी (जन्मनाव: फारूख बलसारा, ५ सप्टेंबर, १९४६ – २४ नोव्हेंबर, १९९१) हे ब्रिटिश रॉक गायक, संगीतकार व पियानोवादक होते. 'क्वीन' या बँडचे मुख्य गायक म्हणून ते जगभर ओळखले जातात. त्यांचे बहुतांश शालेय शिक्षण महाराष्ट्रातील पाचगणी येथे झाले.

सुरुवातीचे जीवन

मर्क्युरी यांचा जन्म झांझिबारमधील स्टोन टाउन येथे पारशी कुटुंबात झाला. वडील बोमी हे ब्रिटिश सरकारच्या सेवेत रोखपाल होते. वयाच्या आठव्या वर्षी त्यांना पाचगणीच्या सेंट पीटर्स या निवासी शाळेत पाठवण्यात आले. तेथे ते पियानो शिकले, 'फ्रेडी' हे नावही त्यांना तेथेच मिळाले. शाळासोबत्यांसह त्यांनी 'द हेक्टिक्स' हा बँड काढला. त्यात ते पियानो वाजवत. १९६३ मध्ये ते झांझिबारला परतले. १९६४ च्या क्रांतीनंतर कुटुंबाने देश सोडून इंग्लंडमध्ये आश्रय घेतला.

कारकीर्द

१९७० मध्ये गिटारवादक ब्रायन मे व ड्रमवादक रॉजर टेलर यांच्यासह त्यांनी क्वीनची स्थापना केली. १९७१ मध्ये बेस गिटारवादक जॉन डीकन त्यांना येऊन मिळाले. मर्क्युरी यांनी रचलेले 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' (१९७५) हे सुमारे सहा मिनिटांचे गीत ध्रुवपदाविना रचलेले असून त्यात ऑपेराचा भाग आहे.

१९७६-७७ मध्ये ब्रिटनमध्ये पंक संगीताची लाट आली. मोजके स्वरमेळ, छोटी गीते व खडबडीत वादन हा तिचा बाणा होता. क्वीनची भव्य, अलंकृत शैली तिला अमान्य होती. १९७७ च्या 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' या अल्बममध्ये क्वीनची मांडणीही अधिक साधी झाली. मर्क्युरी यांचे 'वी आर द चॅम्पियन्स' हे गीत याच अल्बममधील आहे. गिटारवर त्यांचे प्रभुत्व बेताचेच होते; तरीही 'क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह' (१९७९) हे गीत त्यांनी गिटारवरच रचले व त्यात स्वतः साथ केली. ते १९८० मध्ये अमेरिकेत प्रथम क्रमांकावर पोहोचले. १३ जुलै, १९८५ रोजी लंडनच्या वेंब्ली स्टेडियमवरील 'लाइव्ह एड' कार्यक्रमातील त्यांचे सुमारे वीस मिनिटांचे सादरीकरण विशेष गाजले.

मृत्यू व वारसा

एड्सची लागण झाल्याचे त्यांनी २३ नोव्हेंबर, १९९१ रोजी जाहीर केले. दुसऱ्याच दिवशी लंडनमधील राहत्या घरी त्यांचे निधन झाले. अंत्यविधी झरथुष्ट्री पद्धतीने झाला. एड्सविषयी भीती व कलंकाची भावना तीव्र असलेल्या काळात या घटनेने रोगाकडे जगाचे लक्ष वेधले. २० एप्रिल, १९९२ रोजी वेंब्ली येथे स्मृती-मैफल झाली. त्यांच्या स्मरणार्थ स्थापन झालेला 'मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट' एड्सविरोधी कार्याला साहाय्य करतो. भारतातील बालपणाविषयी मर्क्युरी जाहीरपणे क्वचितच बोलत. त्यामुळे पाचगणीशी असलेले त्यांचे नाते दीर्घकाळ फारसे परिचित नव्हते.