वृद्धांच्या उशाशी : जान ज्युगाँ



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र असावे, ही आपल्या मंडळाची जुनी प्रथा. यंदा ते काम माझ्याकडे आले. मी जन्मभर परिचारिका. पहिली काही वर्षे रुग्णालयात आणि पुढची सारी वृद्धाश्रमात काढलेली. तेव्हा मी फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंवरच लिहीन, अशी बहुतेकींची समजूत होती. परंतु त्यांचे चरित्र आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. मला माझ्या कामात ज्यांचा आधार वाटला त्या बाई निराळ्या. त्यांचे नाव जान ज्युगाँ. फ्रान्समध्ये त्या प्रसिद्ध आहेत. आपल्याकडे त्यांची ओळख थोड्यांनाच आहे. मी त्यांना आपल्या रीतीने जानबाईच म्हणणार आहे.

त्यांची निवड करण्यास एक कारण आहे. आपल्या ओळखीतल्या कितीतरी मुली आज परिचारिकेचे शिक्षण घेत आहेत. त्यांपैकी एखादीने वृद्धाश्रमात नोकरी धरली की घरची माणसे हळहळतात. शस्त्रक्रियागृहात, अतिदक्षता विभागात खरे कौशल्य. म्हाताऱ्यांचे करावयाचे म्हणजे निव्वळ आयाचे काम, त्याला शिक्षण ते कशाला लागते, असा सर्वसाधारण समज आहे. जानबाईंचे आयुष्य पाहिले म्हणजे हा समज किती वरवरचा आहे ते कळते.

जानबाईंचा जन्म २५ ऑक्टोबर १७९२ रोजी फ्रान्सच्या वायव्येकडील ब्रिटनी प्रांतात, कांकाल या मासेमारी करणाऱ्या गावी झाला. फ्रान्समध्ये तेव्हा राज्यक्रांतीची धामधूम चालू होती. वडील समुद्रावर जात. जान अवघी तीनचार वर्षांची असताना ते गेले ते परत आलेच नाहीत. आईने मोलमजुरी करून मुले वाढविली. जान लहानपणी गुरे राखी, सूत कातावयास आणि विणावयास शिकली, आणि सोळासतरा वर्षांची झाल्यावर एका श्रीमंत घरी स्वयंपाकघरात कामाला लागली. त्या घरची मालकीण गोरगरिबांच्या आणि आजाऱ्यांच्या घरी जाई. जानही तिच्याबरोबर जाई. गरिबाला मदत करताना त्याचा मान राखावयाचा असतो, हा धडा त्यांना तेथे मिळाला असावा. एका तरुण खलाशाने त्यांना मागणी घातली होती. ती त्यांनी नाकारली.

१८१७ साली, पंचविशीच्या सुमारास, त्या जवळच्या सें-सेरवाँ गावी गेल्या आणि तेथील रोझे रुग्णालयात शुश्रूषेचे काम करू लागल्या. परिचारिकांच्या शाळा तेव्हा निघाल्या नव्हत्या. आजारी माणसे, टाकून दिलेली मुले, सारी एकाच आवारात. तेथे जे शिकावयाचे ते हातांनी आणि डोळ्यांनी. सहा वर्षे त्यांनी हे काम केले, आणि सहा वर्षांनी त्यांची प्रकृती पार ढासळली. रुग्णालय सोडावे लागले.

चरित्रातला हा भाग वाचणारे भराभर पुढे जातात. मी मात्र तेथे नेहमी थांबते. दुसऱ्याचे अंग उचलणाऱ्या बाईचे अंगही कधीतरी थकते, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. जानबाई थकल्या, आणि त्यांनी विश्रांती घेतली म्हणूनच पुढचे सारे घडले.

ती विश्रांती त्यांना लकोक नावाच्या एका वयस्क बाईंच्या घरी मिळाली. नावाला जान तेथे नोकरीस होत्या. परंतु त्या दोघी मैत्रिणीसारख्या राहिल्या. बारा वर्षे हे चालले. लकोकबाईंचे वय होत गेले, त्या आजारी पडल्या, आणि १८३५ साली वारल्या. शेवटपर्यंत त्यांचे सारे जानबाईंनी केले. रुग्णालयातला रोगी बरा होऊन घरी जातो, नाहीतर मरतो. आपला त्याचा संबंध थोड्या दिवसांचा. म्हातारे माणूस बरे होऊन घरी जावयाचे नसते. त्याच्या सवयी, त्याचा राग, त्याची भूक, रात्रीची भीती, सारे ओळखून त्याच्याबरोबर वर्षानुवर्षे चालावे लागते. हे दुसरे शिक्षण जानबाईंना या घरात मिळाले.

त्यानंतर त्यांनी फ्रान्स्वाझ ओबेर या आपल्याहून वडील बाईंबरोबर लहानसे बिऱ्हाड भाड्याने घेतले. दिवसा लोकांचे कपडे धुवावयाचे, आजाऱ्यांची शुश्रूषा करावयाची आणि मिळालेल्या पैशांत भागवावयाचे. सें-सेरवाँ हे बंदरालगतचे गाव. समुद्राने नेलेल्या खलाशांच्या विधवा तेथे पुष्कळ. हातपाय चालेनासे झाले की त्यांच्यापुढे भीक मागण्याशिवाय मार्ग नसे.

१८३९ सालच्या हिवाळ्यात जानबाईंनी ॲन शोव्हँ नावाच्या एका म्हातारीला आपल्या घरी आणले. म्हातारी आंधळी, अर्धे अंग लुळे, आणि तिचे करणारी बहीण स्वतःच रुग्णालयात पडलेली. जानबाईंनी तिला पाठीवर घेऊन जिना चढविला, असे सांगतात. आपला बिछाना तिला दिला आणि स्वतः माळ्यावर झोपल्या. तेव्हा जानबाईंचे वय सत्तेचाळीस होते. पाठोपाठ दुसरी आली. ती जन्मभर एका घरी मोलकरीण होती. मालकांची परिस्थिती खालावल्यावरही तिने त्यांना सोडले नव्हते, आणि मालक गेल्यावर तिला कोणी उरले नव्हते.

जागा पुरेना. १८४१ साली तळमजल्यावरची एक मोठी पण दमट जागा घेतली. तेथे बारा म्हाताऱ्यांची सोय झाली. १८४२ साली कर्ज काढून एका जुन्या मठाची इमारत घेतली, आणि थोड्याच काळात तेथील वृद्धांची संख्या चाळिसावर गेली. काही तरुण मुली जानबाईंबरोबर कामाला आल्या. पुढे लिटिल सिस्टर्स ऑफ द पुअर म्हणून जगभर प्रसिद्ध झालेल्या भगिनीसंघाचा आरंभ तो हाच.

आता त्यांनी काम कसे चालविले ते पाहा. आश्रमात आलेल्या पुष्कळ म्हाताऱ्या पूर्वी दारोदार भीक मागत. जानबाईंनी त्यांना विचारून घेतले की, कोणत्या घरी काय मिळत असे. आणि त्यांच्याऐवजी स्वतः टोपली घेऊन त्या दारांशी उभ्या राहू लागल्या. पाव, लाकूडफाटा, लोकर, जुने कपडे, जे मिळेल ते घ्यावयाचे. एका माणसाने चिडून त्यांना थप्पड मारली, तेव्हा ही मला मिळाली, आता माझ्या म्हाताऱ्यांना काय देता, असे त्यांनी शांतपणे विचारल्याची कथा सांगतात. आश्रमातल्या ज्यांना बसून काही करता येई त्यांना त्यांनी लोकर पिंजण्याचे आणि सूत कातण्याचे काम दिले. म्हातारे माणूस म्हणजे नुसते सांभाळावयाचे गाठोडे नव्हे, त्याच्या हातांना काम आणि मनाला मान हवा, ही जाण त्यांना दीडशे वर्षांहूनही आधी होती. आज वृद्धशुश्रूषेच्या अभ्यासक्रमात हेच शिकवितात.

इतके सुरळीत चालले असता घरातच घाव बसला. डिसेंबर १८४३ मध्ये भगिनींनी जानबाईंना पुन्हा प्रमुख म्हणून निवडले. परंतु संघाचे मार्गदर्शक म्हणवणारे तरुण धर्मगुरू ल पायर यांनी ती निवड थोड्याच दिवसांत रद्द केली आणि तेवीस वर्षांच्या मारी जामे हिला प्रमुख नेमले. जानबाईंनी तंटा केला नाही. टोपली उचलली आणि पुन्हा भिक्षेला निघाल्या. १८४५ साली फ्रेंच अकादमीने त्यांना माँतियाँ पारितोषिक दिले. तीन हजार फ्रँकांची ती रक्कम वृद्धांच्या कामी आली. रेन, दिनाँ, तूर, आँजे या गावी नवी घरे निघाली, त्यांत त्यांच्या पायपिटीचा मोठा वाटा होता.

पण १८५२ साली त्यांना हे कामही बंद करावयास सांगण्यात आले. प्रथम रेन येथे आणि १८५६ पासून सें-पेर्न येथील मुख्य मठात त्या राहिल्या. बाहेरच्या देणगीदारांशी संबंध नाही, अधिकार नाही, काम नव्याने आलेल्या मुलींमध्ये साधेसुधे. संस्थापक म्हणून ल पायर यांचे नाव सांगितले जाई. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या भगिनीनेच हे सारे उभारले, हे त्या मुलींना माहीत नसे. अशी सत्तावीस वर्षे गेली. अखेरीस त्यांची दृष्टीही जवळजवळ गेली. आंधळ्या म्हातारीला पाठीवर आणणाऱ्या बाईंना आता दुसऱ्यांच्या हाताला धरून चालावे लागले. २९ ऑगस्ट १८७९ रोजी, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. तेव्हा संघात सुमारे चोवीसशे भगिनी होत्या.

सत्य पुढे उजेडात आले. १८९० साली ल पायर यांना रोमला बोलावून पदावरून दूर करण्यात आले. जानबाईंना १९८२ साली धन्य आणि ११ ऑक्टोबर २००९ रोजी संत म्हणून घोषित करण्यात आले. या भगिनी १८८२ साली कलकत्त्यास आल्या. आपल्या मुंबईतही अंधेरीला त्यांचा वृद्धाश्रम आहे.

संतपद हा श्रद्धेचा विषय. मी परिचारिका म्हणून पाहते तेव्हा मला दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली ही की, हे काम कौशल्याचे आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलली नाही, तर माकडहाडावर, टाचांवर कातडी लाल होते आणि पाहता पाहता जखम पडते. आडवे ठेवून भरविले, तर घास श्वासनलिकेत जातो. एरवी शांत असलेल्या आजोबांनी एकाएकी भलतेच बोलावयास आरंभ केला, तर ते म्हातारचळ नसून लघवीतला जंतुसंसर्गही असू शकतो. हे जिच्या ध्यानात येते तीच खरी परिचारिका. आपल्या देशात नोंदणीकृत परिचारिकांसाठी वृद्धशुश्रूषेची एक वर्षाची पदविका आहे. सरकारचा वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रमही २०१०-११ पासून चालू आहे. तेव्हा या वाटेने जाणाऱ्या मुलीपुढे शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

दुसरी गोष्ट थोडी कडू आहे. जानबाईंचा त्याग पाहून परिचारिकांनी थोड्या पगारात, न थकता, न बोलता राबावे, असा अर्थ कोणी काढू नये. जानबाईंनी संसार मांडला नव्हता. आपल्या मुलींना घर चालवावयाचे असते, मुलांच्या फिया भरावयाच्या असतात. रोझे रुग्णालयाने त्यांना सहा वर्षांत मोडून टाकले, हेही त्याच चरित्रात आहे. सेवा म्हणावयाचे आणि वेतन कापावयाचे, ही सेवेची थट्टा होय. ज्या घरात आजीसाठी बाई ठेवली आहे, त्या घरातल्या भगिनींनी तिची आठवड्याची सुट्टी, तिचे वेळेवर जेवण आणि तिची झोप यांकडे आजीच्या औषधाइतकेच लक्ष द्यावे.

वृद्धांच्या शुश्रूषेत रोगी बरा झाल्याचे पेढे कधी वाटले जात नाहीत. आजचा दिवस आजींना दुखल्याखुपल्याविना गेला, केस विंचरून झाले, दोन घास गोडीने पोटात गेले, एवढेच त्यातले यश. ते कोणी टिपून ठेवीत नाही. जानबाईंचेही सत्तावीस वर्षे कोणी टिपले नाही. तरीही त्या काळात नवशिक्या मुली त्यांच्याजवळ राहून म्हाताऱ्यांशी कसे वागावे ते शिकल्या आणि गावोगावच्या घरांत गेल्या.

उद्या आपल्यापैकी कोणाची लेक वा सून वृद्धाश्रमातल्या नोकरीचा कागद घेऊन घरी आली, तर हळहळू नका. पगार किती, पाळी किती तासांची, शिकण्याची सोय आहे की नाही, हे अवश्य विचारा. आणि सारे ठीक असेल, तर आनंदाने तिला जाऊ द्या. इतके सांगून मी हे चार शब्द पुरे करते.