पुरुषांची मैदानं मारणारी हमीदा बानू

बडोद्यात मे १९५४ मध्ये झालेली ती कुस्ती बघायला गेलेल्यांना नीट बूड टेकायलाही वेळ मिळाला नसेल. एका बाजूला बाबा पहिलवान, दुसऱ्या बाजूला हमीदा बानू. १ मिनिट ३४ सेकंदात बाबा पहिलवान चितपट! खरं तर आधी जोड ठरली होती छोटे गामा यांच्याशी, पण बाईशी लढायचं नाही म्हणून ते ऐनवेळी मागे हटले.

जो कुस्तीत हरवेल त्याच्याशी लग्न करायचं, अशी पैज हमीदाने त्याच वर्षी फेब्रुवारीत जाहीर केली होती. त्यानंतर पतियाळा आणि कलकत्त्याच्या पहिलवानांना तिने पाठ टेकायला लावली. पैजेत जाहिरातबाजी होतीच, ते काही लपलेलं नाही. पण अशी पैज लावायला अंगात दमही लागतो.

हमीदा मूळची उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरकडची. घरात कुस्ती होतीच. पुढे अलीगढला सलाम पहिलवान यांच्या हाताखाली ती तयार झाली. उंची ५ फूट ३ इंच, वजन १०८ किलो. दिवसाला साडेपाच लिटर दूध, एक कोंबडी, किलोभर मटण, तेवढेच बदाम, अर्धा किलो लोणी, ६ अंडी आणि वर दोन प्लेट बिर्याणी, असा तिचा खुराक त्या वेळच्या पेपरात छापून यायचा. दोन म्हशी नुसत्या तिच्यासाठीच बांधाव्या लागल्या असतील! झोप ९ तास, मेहनत ६ तास.

त्या काळात बायकांच्या कुस्तीची मैदानंच भरत नव्हती. मग जोड आणायची कुठून? लढायचं तर पुरुषांशीच. लोकांना ते बघायचंही होतं. १९४४ साली मुंबईत गुंगा पहिलवानाशी तिची कुस्ती ठरली, तेव्हा २० हजारांच्या आसपास माणूस जमला. गुंगाने ऐनवेळी जादा पैसे आणि तयारीला वेळ मागितला, कुस्ती रद्द झाली आणि चिडलेल्या लोकांनी मैदानात मोडतोड केली.

कोल्हापूर म्हणजे कुस्तीची पंढरी. तिथे शोभासिंग पंजाबीला तिने हरवलं, तर लोकांनी हुर्यो उडवली, दगड मारले. पोलिसांना मध्ये पडावं लागलं. कुस्ती नुरा होती, असा लोकांचा संशय. पुण्यात रामचंद्र साळुंखे यांच्याशी जोड ठरली, ती तिथल्या कुस्ती संघटनेच्या विरोधामुळे झालीच नाही. हमीदाने थेट मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे तक्रार नेली. त्यांचं उत्तर असं होतं की, ती बाई आहे म्हणून बंदी नाही. कुस्त्या भरवणारे तिच्यापुढे नावापुरते पहिलवान उभे करतात, अशा तक्रारी आहेत.

त्यात तथ्य असेलही. तिकीट खपवण्यासाठी नुरा कुस्ती लावणारे तेव्हाही होते. पण मग धरायचं होतं ते कुस्ती भरवणाऱ्याला. हमीदाचा दम खरा की खोटा, हे बघायला तगडा गडी समोर उभा करून खरी कुस्ती लावायची, एवढंच करायचं होतं. पुण्यात तर जोड ठरलेली होती, आणि तीच अडवली. संशय तसाच राहिला, नुकसान झालं ते हमीदाचं.

१९५४ मध्येच मुंबईत तिने रशियाच्या वेरा चिस्टिलिनला मिनिटभराच्या आत लोळवलं. ही कुस्ती बाईशीच होती, आणि परदेशी बाईशी. त्यामुळे हुरूप वाढला आणि युरोपात जाऊन लढायचं तिने जाहीर केलं. त्यानंतर मात्र ती मैदानातून दिसेनाशी झाली. नातवाच्या सांगण्यानुसार, युरोपला जाणं सलाम पहिलवानांना मान्य नव्हतं आणि तिला अडवण्यासाठी त्यांनी मारून तिचे हात मोडले. पायही मोडले होते, बरीच वर्षं तिला काठीशिवाय चालता येत नव्हतं, असं शेजारचे सांगत.

पुढचं आयुष्य कल्याणला गेलं. दुधाचा धंदा केला, जागा भाड्याने दिल्या. पैशाची चणचण आली तेव्हा घरी केलेले खाण्याचे पदार्थ रस्त्याकडेला बसून विकले. १९८६ मध्ये ती वारली.