होमी जहांगीर भाभा

होमी जहांगीर भाभा (३० ऑक्टोबर १९०९ – २४ जानेवारी १९६६) हे भारतीय भौतिकशास्त्रज्ञ, टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे संस्थापक आणि भारतीय अणुऊर्जा कार्यक्रमाचे प्रवर्तक होते. विश्वकिरणांवरील त्यांच्या संशोधनातून व त्यांनी उभारलेल्या संस्थेतून पुढे भारतातील क्ष-किरण खगोलशास्त्राचा विकास झाला.

सुरुवातीचे जीवन

भाभा यांचा जन्म मुंबईतील एका पारशी कुटुंबात झाला. एल्फिन्स्टन महाविद्यालय व रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स येथे शिकल्यावर १९२७ मध्ये ते यंत्र अभियांत्रिकीच्या अभ्यासासाठी केंब्रिजला गेले. त्यांनी पुढे जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात काम करावे, अशी कुटुंबाची इच्छा होती. त्यांचा ओढा मात्र भौतिकशास्त्राकडे होता. १९३० मध्ये अभियांत्रिकीची परीक्षा प्रथम वर्गात उत्तीर्ण झाल्यावर वडिलांनी त्यांना विषय बदलण्याची मुभा दिली.

संशोधन

त्या काळी केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत पॅट्रिक ब्लॅकेट व ज्युसेप्पे ओक्यालिनी यांनी १९३३ मध्ये विश्वकिरणांपासून निर्माण होणारे कणांचे वर्षाव टिपले होते. हे वर्षाव कसे घडतात, याचा सिद्धान्त भाभा यांनी वॉल्टर हाइटलर यांच्यासह १९३७ मध्ये मांडला. अतिशय ऊर्जावान गॅमा किरणापासून इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉनची जोडी निर्माण होते, त्या कणांपासून पुन्हा गॅमा किरण उत्पन्न होतात आणि ही साखळी वाढत जाते. वातावरणातील अशा वर्षावांवरून गॅमा किरणांचा वेध घेणाऱ्या आजच्या भूस्थित दुर्बिणींचा पाया हाच सिद्धान्त आहे.

भारतातील कार्य

१९३९ मध्ये भाभा सुट्टीसाठी भारतात आले असताना दुसरे महायुद्ध सुरू झाले. त्यामुळे ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रुजू झाले व तेथे त्यांनी विश्वकिरण संशोधन विभाग सुरू केला. युद्धानंतर परदेशी न परतता देशातच उच्च दर्जाची संशोधन संस्था उभारावी, असा निर्णय घेऊन त्यांनी मार्च १९४४ मध्ये सर दोराबजी टाटा न्यासापुढे प्रस्ताव ठेवला. त्यातून १९४५ मध्ये बंगळूर येथे टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन झाली व त्याच वर्षी ती मुंबईस हलली. विश्वकिरणांच्या अभ्यासासाठी उपकरणे फुग्यांच्या साहाय्याने वातावरणाच्या वरच्या थरांत पाठवण्याचे तंत्र संस्थेने विकसित केले.

२४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लां पर्वतावर झालेल्या विमान अपघातात भाभा यांचे निधन झाले.

वारसा

अवकाशातून येणारे क्ष-किरण वातावरणात शोषले जात असल्याने त्यांच्या निरीक्षणासाठी उपकरणे उंचावर न्यावी लागतात. विश्वकिरणांसाठी विकसित झालेले फुग्यांचे तंत्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी भाभा यांच्या पश्चात क्ष-किरण निरीक्षणांसाठी वापरले.

भाभा यांच्या निधनानंतर पुढच्याच वर्षी, १९६७ मध्ये, अमेरिकेच्या व्हेला उपग्रहांनी पहिला गॅमा किरण स्फोट नोंदवला. असे स्फोट सहसा काही सेकंदांत ओसरत असल्याने त्यांचे स्थान व अंतर तीन दशके अज्ञात राहिले. २८ फेब्रुवारी १९९७ रोजी झालेल्या स्फोटानंतर सुमारे आठ तासांनी बेप्पोसॅक्स उपग्रहाने त्या जागी मंदावत जाणारा क्ष-किरण स्रोत, म्हणजेच स्फोटाची पश्चदीप्ती, प्रथमच टिपली. पश्चदीप्तीमुळे स्थान अचूक कळते व इतर दुर्बिणींना अंतर मोजता येते. त्याच वर्षी हे स्फोट अब्जावधी प्रकाशवर्षे दूर असल्याचे सिद्ध झाले. या उपग्रहाचे नाव ओक्यालिनी यांच्या स्मरणार्थ ठेवले आहे.

२८ सप्टेंबर २०१५ रोजी प्रक्षेपित झालेल्या भारताच्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरील तीन क्ष-किरण उपकरणांच्या निर्मितीचे नेतृत्व भाभा यांच्या संस्थेने केले. मृदू क्ष-किरण दुर्बीण आरशांद्वारे किरण एकत्रित करते. तिचा कॅमेरा लेस्टर विद्यापीठाच्या सहकार्याने तयार झाला. दुसऱ्या एका उपकरणाने, कॅडमियम-झिंक-टेल्युराइड प्रतिमकाने, कार्यान्वित झाल्याच्या दिवशीच, ६ ऑक्टोबर २०१५ रोजी, एक गॅमा किरण स्फोट नोंदवला. त्यानंतर या उपकरणाने असे शेकडो स्फोट टिपले असून पुण्यातील आयुका संस्थेत त्याच्या माहितीवर प्रक्रिया केली जाते.