दवाखान्यातल्या गर्दीतून संशोधन: हृदयाचा डॉक्टर जेम्स मॅकेन्झी

दवाखान्यात येणारा पेशंट औषध घेतो आणि निघून जातो. बरं वाटलं की परत फिरकत नाही. मग त्या आजाराचं पुढे काय झालं, हे कळणार कसं? ही अडचण जेम्स मॅकेन्झी यांनी आयुष्यभर झेलली.

जन्म 1853, स्कॉटलंडमधलं शेतकरी कुटुंब. एडिनबर्गला डॉक्टरकी शिकून 1879 मध्ये ते इंग्लंडमधल्या बर्न्ली या कापड गिरण्यांच्या गावी आले. सुरुवातीच्याच काळात हृदयविकार असलेली एक गरोदर बाई बाळंतपणात त्यांच्यासमोर दगावली. धोका आधी ओळखता आला असता का? पुस्तकांत उत्तर नव्हतं. मोठ्या हॉस्पिटलांतही नव्हतं, कारण तिथे पेशंट आजार बळावल्यावर पोचत.

मॅकेन्झींकडे मात्र तीच कुटुंबं वर्षानुवर्षं येत. खोकल्यासाठी आलेल्याची नाडीही ते तपासत आणि लिहून ठेवत. गर्दीच्या दवाखान्यात यासाठी वेळ काढणं सोपं नव्हतं. मनगटाची आणि मानेची नाडी एकाच वेळी कागदावर उमटवणारं पॉलिग्राफ यंत्र त्यांनी बनवलं. पुढे पॅडिहमच्या शॉ नावाच्या घड्याळजीने ते शाईवर चालणारं करून दिलं.

त्या काळी ठोका चुकतो म्हणून धडधाकट माणसांनाही अंथरुणात पडून राहायला सांगत. मॅकेन्झींनी अशा लोकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. बरेच जण ठणठणीत कामधंदा करत होते! काही प्रकारची अनियमितता निरुपद्रवी असते, हे एका तपासणीत कधीच दिसलं नसतं.

1902 मध्ये नाडीवरचं पुस्तक आलं, 1907 मध्ये ते लंडनला गेले, पुढे 'सर' झाले. नाव मिळालं, पण पेशंट आता सल्ल्यापुरते येत. जुनी ओळख नाही, पुढची खबर नाही. ऐन भरात असलेली प्रॅक्टिस सोडून 1919 मध्ये त्यांनी स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजला संस्था काढली. गावातल्या डॉक्टरांनी बारीकसारीक तक्रारीही पहिल्यापासून नोंदवायच्या, अशी योजना. अशा कामाला कित्येक दशकं लागतात आणि मॅकेन्झी तेव्हा 66 वर्षांचे होते. त्यांना स्वतःलाच हृदयविकार होता.

1925 च्या जानेवारीत ते गेले. त्यांच्याच इच्छेनुसार त्यांचं हृदय काढून तपासलं गेलं आणि सेंट अँड्र्यूजला जतन केलं गेलं.