आसगावचे नेव्हिल, भारताचे सेंटर फॉरवर्ड

भारतीय फुटबॉलच्या इतिहासात १ डिसेंबर १९५६ या तारखेला वेगळे स्थान आहे. मेलबर्न ऑलिम्पिकच्या उपांत्यपूर्व सामन्यात त्या दिवशी भारताने यजमान ऑस्ट्रेलियाचा ४-२ असा पराभव केला आणि चारपैकी तीन गोल एकाच खेळाडूच्या नावावर लागले. तो खेळाडू म्हणजे नेव्हिल डिसोझा. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक नोंदवणारे ते पहिले आशियाई ठरले. मात्र भारताची जर्सी घालून ज्यांनी हा पराक्रम केला, त्यांचे जन्मगाव त्या दिवशी भारतात नव्हते. गोव्यावर अजून पोर्तुगालचे राज्य होते.

नेव्हिल यांचा जन्म ३ ऑगस्ट १९३२ रोजी बार्देश तालुक्यातील आसगाव येथे झाला. म्हापशाजवळचे हे गाव आज पर्यटकांच्या परिचयाचे आहे. त्या काळी बार्देशची खरी ओळख होती ती घराबाहेर पडणाऱ्या माणसांची. कोणी जहाजावर खलाशी, कोणी पूर्व आफ्रिकेत कारकून, तर कोणी मुंबईत आचारी, वादक किंवा शिंपी. मुंबईत धोबीतलाव आणि माझगावच्या परिसरात गावागावांच्या नावाने 'कूड' उभे राहिले होते. एका गावच्या माणसांनी मिळून चालवलेल्या या निवासांत नव्याने आलेल्या गावकऱ्याला अल्प खर्चात आसरा मिळे. जहाजावरची नोकरी मिळेपर्यंत भिंतीला पेटी लावून राहणारा गोवेकर हे त्या वेळच्या मुंबईचे नेहमीचे दृश्य होते. चर्च, संगीत, तियात्र आणि फुटबॉल या गोष्टी त्याने गावाहून सोबत आणल्या होत्या.

नेव्हिल हे फुटबॉलपटू म्हणून घडले ते याच मुंबईत. क्रिकेटच्या या नगरीत पन्नाशीच्या दशकात फुटबॉललाही स्वतःचा प्रेक्षकवर्ग होता. भर पावसाळ्यात रंगणारी हारवूड लीग आणि १८९१ पासून चालत आलेला रोव्हर्स चषक पाहण्यासाठी कूपरेजकडे गर्दी लोटत असे. टाटा, कॅलटेक्स, बर्मा-शेल, रेल्वे अशा आस्थापनांचे संघ एकमेकांशी झुंजत. चांगल्या खेळाडूला नोकरी आणि संघाला खेळाडू, असा तो सरळ व्यवहार होता. नेव्हिल टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळत. धाकटे बंधू डेरेक हेही त्याच संघात होते आणि पुढे तेही भारताकडून खेळले. १९५४ मध्ये मुंबईने प्रथमच संतोष चषक जिंकला, तेव्हाही मुंबईच्या आक्रमणात नेव्हिल होते.

मैदानाबाहेर मात्र हा काळ मुंबईच्या गोवेकरांसाठी अवघड होता. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्यात शिरणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या आणि अनेकांचा बळी गेला. त्यानंतर भारताने पोर्तुगालशी असलेले संबंध तोडले. रेल्वे बंद झाली, व्यापार थांबला आणि गावी ये-जा करण्यावर कडक निर्बंध आले. मुंबईत राबणाऱ्या हजारो गोवेकरांची घरे अचानक सीमेपलीकडची झाली. अशा वेळी आसगावचा एक तरुण भारताच्या ऑलिम्पिक संघाचा सेंटर फॉरवर्ड होता. लिस्बनचे सरकार गोवा हा पोर्तुगालचाच प्रांत असल्याचे जगाला सांगत होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या निवडीचे महत्त्व कळते. पूर्वजांच्या देशाकडून खेळणे हे पुढेही सोपे राहिले नाही. पुणे एफसीकडून खेळलेले, भारतीय पित्याचे पुत्र अराता इझुमी २०१३ मध्ये भारतीय संघात आले, पण त्यासाठी त्यांना जपानचे नागरिकत्व सोडावे लागले होते.

मेलबर्नला गेलेला संघ सय्यद अब्दुल रहीम यांनी घडवला होता. हैदराबादचे हे शिस्तप्रिय प्रशिक्षक पेशाने शिक्षक होते. चार वर्षांपूर्वी हेलसिंकीत भारताची नाचक्की झाली होती. थंडीत, बहुसंख्य खेळाडू अनवाणी असताना, युगोस्लाव्हियाने भारतावर १०-१ असा विजय मिळवला होता. त्यानंतर बूट सक्तीचे झाले. कर्णधार समर ऊर्फ बद्रू बॅनर्जी, उजव्या बगलेवर पी. के. बॅनर्जी, शिवाय तुलसीदास बलराम आणि किट्टू, अशी रहीम यांची फळी होती. तिच्या टोकाला होते नेव्हिल.

पहिल्या फेरीत भारताची गाठ हंगेरीशी होती. मात्र सोव्हिएत फौजांनी बुडापेस्टमधील उठाव चिरडल्यानंतर हंगेरीचा फुटबॉल संघ आलाच नाही आणि भारताला पुढे चाल मिळाली. अनेक देशांनी माघार घेतल्याने स्पर्धेत अवघे अकरा संघ उरले होते. त्यामुळे भारताच्या यशाला नशिबाचा वाटा चिकटवणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. ऑस्ट्रेलियाविरुद्धचा सामना हा त्यांना दिलेला निम्मा जबाब मानता येईल. नेव्हिल यांनी नवव्या मिनिटाला भारताला आघाडी मिळवून दिली. ऑस्ट्रेलियाने बरोबरी साधली. ३३व्या मिनिटाला नेव्हिल यांनी पुन्हा आघाडी घेऊन दिली, पण मध्यंतरापूर्वी ऑस्ट्रेलियाने तीही भरून काढली. ५०व्या मिनिटाला तिसरा गोल झाला तोही नेव्हिल यांचाच. अखेरीस किट्टू यांनी चौथा गोल करून विजय पक्का केला. उरलेला निम्मा जबाब स्पर्धेनंतर मिळाला. सिडनीत झालेल्या मैत्रीपूर्ण सामन्यात भारताने याच ऑस्ट्रेलियावर ७-१ अशी मात केली.

ऑलिम्पिकच्या उपांत्य फेरीत पोहोचणारा भारत हा पहिलाच आशियाई संघ होता. ४ डिसेंबरला समोर उभा होता युगोस्लाव्हिया, म्हणजे हेलसिंकीचाच प्रतिस्पर्धी. उपांत्यपूर्व फेरीत अमेरिकेवर नऊ गोल चढवून तो आला होता. मेलबर्न क्रिकेट मैदानावर पूर्वार्ध गोलशून्य गेला. ज्या संघाकडून चार वर्षांपूर्वी दहा गोल खाल्ले, त्याला भारताने तब्बल ४५ मिनिटे रोखून धरले होते. त्यानंतर जे घडले त्यावर भारतीय फुटबॉलशौकिनांनी पुढे वर्षानुवर्षे हळहळावे. ५२व्या मिनिटाला नेव्हिल यांनी गोल केला आणि भारत १-० असा पुढे गेला. ऑलिम्पिकची अंतिम फेरी जेमतेम ४० मिनिटांच्या अंतरावर होती.

ही आघाडी टिकली दोन मिनिटे. पापेत्स यांनी ५४व्या मिनिटाला बरोबरी केली, वेसेलिनोविच यांनी ५७व्या मिनिटाला युगोस्लाव्हियाला पुढे नेले आणि ६५व्या मिनिटाला पापेत्स यांनी आणखी एका गोलाची भर घातली. शेवटी सलाम यांच्याकडून स्वयंगोल झाला आणि निकाल ४-१ असा लागला. बदली खेळाडू उतरवण्याची सोय त्या काळी नव्हती. दमलेल्या पायांनीच सामना पूर्ण करावा लागे. तरीही सामना निसटला तो त्या तेरा मिनिटांत, आणि ती मिनिटे दमछाकीची कमी, अननुभवाची अधिक होती.

कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाने ३-० असा विजय मिळवला आणि भारत चौथा राहिला. नेव्हिल यांच्या नावावर चार गोल होते. स्पर्धेत त्यांच्यापेक्षा अधिक गोल कोणीही केले नाहीत, मात्र आणखी दोघांचे तेवढेच गोल झाले. ते दोघे म्हणजे युगोस्लाव्हियाचे वेसेलिनोविच आणि बल्गेरियाचे मिलानोव्ह. या दोघांनीही नेव्हिल यांना गाठणारा आपला चौथा गोल भारताविरुद्धच केला. भारताचा बचाव या दोन सामन्यांत थोडा अधिक टिकला असता, तर त्या यादीत नेव्हिल यांचे नाव एकटेच राहिले असते.

पुढच्या काळात भारतीय आक्रमणाची सूत्रे पी. के., चुनी गोस्वामी आणि बलराम या त्रयीकडे गेली. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. त्यानंतर वर्षभराच्या आतच, १९६२ मध्ये, जकार्ता एशियाडचे सुवर्णपदक रहीम यांच्या संघाने पटकावले. त्या संघात फोर्तुनातो फ्रँको होते. तेही बार्देशातल्या कोलवाळचे आणि तेही मुंबईच्या टाटा संघाचे. फरक इतकाच, की फ्रँको यांचे गाव तोपर्यंत भारतात आले होते.

अर्जुन पुरस्कार १९६१ मध्ये सुरू झाला. फुटबॉलमधील पहिले मानकरी पी. के. बॅनर्जी ठरले, पुढे बलराम आणि इतर अनेकांना तो मिळाला. त्या यादीत नेव्हिल डिसोझा यांचे नाव कधीच आले नाही. एका ऑलिम्पिकमध्ये सर्वाधिक गोल करणाऱ्यांत स्थान मिळवणारा भारतीय फुटबॉलपटू त्यांच्याआधी झाला नव्हता आणि नंतरही झाला नाही. १९६० च्या रोम स्पर्धेनंतर भारतीय फुटबॉल संघ ऑलिम्पिकमध्ये दिसलेला नाही.

१६ मार्च १९८० रोजी नेव्हिल डिसोझा यांचे निधन झाले. वय अवघे ४७ वर्षे. घरोघरी दूरदर्शन संच येण्यास आणि जुन्या खेळाडूंना कॅमेऱ्यासमोर बसवून आठवणी सांगायला लावण्याची रीत पडण्यास अजून अवकाश होता. मेलबर्नचे त्यांचे सहकारी दीर्घायुषी ठरले. पी. के. २०२० मध्ये, बद्रू बॅनर्जी २०२२ मध्ये आणि बलराम २०२३ मध्ये गेले. तोवर त्यांनी मेलबर्नची कथा अनेकदा सांगितली. गोल करणाऱ्याला मात्र ती सांगण्याइतके आयुष्य लाभले नाही.