अप्सरेचे शिल्पकार : डॉ. होमी भाभा

विद्यार्थी मित्रांनो, पिंपरी-चिंचवडच्या परिसरात, थेरगावसारख्या भागात गेलात, तर लहान लहान वर्कशॉप दिसतात. कारागीर समोर ड्रॉइंग ठेवतो आणि लेथवर लोखंडाचा भाग घडवतो. ड्रॉइंग कितीही अचूक असले, तरी कागदावरचे यंत्र चालत नाही. ते कोणाला तरी हाताने घडवावे लागते. विज्ञानाचेही असेच आहे. हे ज्यांनी नीट ओळखले, त्या डॉ. होमी भाभांची ओळख आज करून घेऊ या.

होमी जहांगीर भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. त्यांचे वडील वकील होते. लहानपणापासून होमींना पुस्तके, चित्रकला आणि संगीत यांची गोडी होती. १९२७ साली ते शिक्षणासाठी इंग्लंडमधील केंब्रिजला गेले. मुलाने इंजिनिअर व्हावे आणि जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात काम करावे, अशी वडिलांची इच्छा होती. होमींचे मन मात्र भौतिकशास्त्रात रमले होते. त्यांनी वडिलांना पत्र लिहून तसे स्पष्ट कळवले. आधी इंजिनिअरिंगची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण हो, मग आवडीचा विषय शीक, अशी अट वडिलांनी घातली. १९३० साली होमींनी ती पूर्ण केली.

अवकाशातून पृथ्वीवर सतत अतिसूक्ष्म कणांचा वर्षाव होत असतो. त्यांना विश्वकिरण म्हणतात. हवेत शिरलेल्या एका कणापासून पुढे असंख्य कण कसे निर्माण होतात, हे भाभा आणि हाइटलर या दोघांनी १९३७ साली गणिताने दाखवले. जगभर भाभांचे नाव झाले. पण हे सारे काम कागदावरचे होते.

१९३९ साली भाभा सुट्टीसाठी भारतात आले आणि दुसरे महायुद्ध सुरू झाले. परतीचा मार्ग बंद झाला. ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत काम करू लागले. तेथे प्रयोगाची साधने थोडीच होती. भाभांनी तरुण सहकारी जमवले. कण मोजणारी उपकरणे त्यांनी तयार केली आणि विमानातून सुमारे ३० हजार फूट उंचीवर नेऊन विश्वकिरण मोजले. केवळ गणित करणारा हा शास्त्रज्ञ आता प्रयोग करणारा गट उभा करू लागला.

युद्ध संपल्यावर आपण काय करायचे, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. परदेशात नाव होते, उत्तम प्रयोगशाळा होत्या. पण त्यांनी मायदेशी राहण्याचे ठरवले. मार्च १९४४ मध्ये त्यांनी टाटा विश्वस्त निधीला पत्र लिहिले आणि मूलभूत संशोधनासाठी संस्था काढण्याची विनंती केली. उद्या अणुशक्तीचा उपयोग होऊ लागला, तर तज्ज्ञ परदेशातून बोलावण्याची वेळ देशावर येऊ नये, असे त्यांना वाटत होते. लक्षात घ्या, हिरोशिमावर अणुबॉम्ब पडण्याच्या जवळजवळ दीड वर्ष आधीचे हे पत्र आहे! १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली. मुंबईत तिचे काम पेडर रोडवरील एका बंगल्यात चालू झाले. भाभा आधी योग्य माणसे शोधत आणि मग त्यांच्यासाठी संस्था वाढवत.

या संस्थेतील संशोधकांनी फुग्यांना उपकरणे बांधून ती आकाशात सोडली. काही जण कोलारच्या सोन्याच्या खाणीत खोल उतरले. तेथेच १९६५ साली परदेशी सहकाऱ्यांसह केलेल्या प्रयोगात, हवेत निर्माण होणाऱ्या न्यूट्रिनो या कणांचा माग लागला.

भाभांची मोठी परीक्षा झाली ती अणुभट्टीच्या वेळी. युरेनियमच्या अणूचे केंद्रक फुटले, की न्यूट्रॉन नावाचे कण बाहेर पडतात. ते दुसरी केंद्रके फोडतात. ही साखळी काबूत ठेवून चालवण्याचे साधन म्हणजे अणुभट्टी. मग ती तयार विकत घ्यायची, की आपण बांधायची? देशात पूर्वी कोणीही अणुभट्टी बांधलेली नव्हती. चूक झाली असती, तर पैसा आणि विश्वास दोन्ही गेले असते. तरीही भाभांनी १९५५ साली ती आपणच बांधण्याचे ठरवले. इंधन ब्रिटनकडून आले. बाकीची बांधणी मात्र भारतीय इंजिनिअर आणि शास्त्रज्ञांनी केली. तिच्या नियंत्रणाची इलेक्ट्रॉनिक उपकरणे ए. एस. राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केली.

४ ऑगस्ट १९५६ रोजी दुपारी मुंबईजवळ तुर्भे येथे ही भट्टी सुरू झाली. दीड वर्षाच्या आत काम फत्ते झाले होते! भट्टीचे इंधन पाण्याच्या खोल हौदात होते. भट्टी चालू असताना त्या पाण्यात सुंदर निळा प्रकाश दिसे. पंतप्रधान पंडित नेहरूंनी तिला अप्सरा हे नाव दिले. राजा रामण्णा यांच्यासारख्या तरुण शास्त्रज्ञांना आता केंद्रकाचे प्रयोग आपल्या देशातच करता येऊ लागले. रुग्णांच्या उपचारांसाठी लागणारे किरणोत्सारी पदार्थही तेथे तयार होऊ लागले. पुढच्याच वर्षी, १९५७ साली, नव्या पदवीधरांसाठी तुर्भे येथे प्रशिक्षण शाळा उघडली.

२४ जानेवारी १९६६ रोजी भाभांचे विमान युरोपातील माँ ब्लाँ या पर्वतावर कोसळले. त्यात त्यांचा अंत झाला. तेव्हा ते अवघे ५६ वर्षांचे होते. १९६७ साली तुर्भे येथील केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले. अप्सरा २००९ पर्यंत चालली आणि २०१८ साली त्याच जागी नवी अप्सरा सुरू झाली.

मित्रांनो, भाभा गेले, पण काम थांबले नाही. कारण त्यांनी नुसती यंत्रे उभारली नव्हती, यंत्रे घडवणारी माणसे तयार केली होती. तुम्हीही एखादे उपकरण पाहाल, तेव्हा ते कसे वापरायचे एवढेच विचारू नका. ते कसे बनवले, हेही विचारा.