जो लुईचा डावा हात

११ एप्रिलला महात्मा फुले, १४ एप्रिलला बाबासाहेब. या चार दिवसांत परभणीतल्या आपल्या वस्त्यांमध्ये कोणाला मान वर करायला फुरसत नसते. निळ्या पताका, वर्गणी, मिरवणुकीची तयारी. या दोन जयंत्यांच्या मधोमध, १२ एप्रिलला, एका कापूस वेचणाऱ्याच्या मुलाचा स्मृतिदिन येतो आणि कोणाच्या ध्यानात न येता निघून जातो. काळ्यांची गुलामी नष्ट करणाऱ्या ज्या अमेरिकी लोकांना जोतिरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली, त्यांच्याच देशातला हा माणूस. जो लुई. बॉक्सिंगमधला जगज्जेता. मृत्यू १२ एप्रिल १९८१.

आमच्या पोरांना मुहम्मद अली माहीत आहे. अली बोलायचा, लुई बोलत नसे, म्हणूनही असेल. मैदानावर वाळूने भरलेले पोते टांगून ही पोरे सराव करतात तेव्हा प्रत्येकाला उजव्या हाताचा एकच दणका हाणायचा असतो. डावा हात नुसताच लोंबत राहतो. त्यांच्यासाठी मुद्दाम लुईची गोष्ट सांगतो.

जोसेफ लुई बॅरो याचा जन्म १३ मे १९१४ रोजी अलाबामा राज्यात लाफायेत गावाजवळ झाला. आठ भावंडांतला सातवा. आजोबांची पिढी गुलामीत जन्मलेली, आईबाप दुसऱ्याच्या जमिनीवर बटईने कापूस पिकवणारे. बटई म्हणजे काय, हे मानवत-सेलूच्या शिवारात कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही. बोंड फुटायच्या आधीच उचल झालेली असते आणि हिशोबाची वही मालकाच्या घरात असते. जो दोन वर्षांचा असताना बाप वेड्यांच्या इस्पितळात गेला. आईने दुसरे लग्न केले आणि १९२६ साली हे कुटुंब डेट्रॉइटला आले. तिथे मोटारींचे कारखाने होते, मजुरी रोख मिळत होती. पोराने व्हायोलिन शिकावे म्हणून आई पैसे द्यायची. पोरगा ते व्यायामशाळेत भरायचा. १९३२ सालच्या पहिल्याच हौशी लढतीत तो सात वेळा खाली पडला.

त्या काळी काळ्या माणसाला हेवीवेटच्या किताबासाठी लढूच देत नसत. जॅक जॉन्सन १९०८ साली पहिला काळा जगज्जेता झाला, तेव्हा गोऱ्या अमेरिकेच्या अंगाचा तिळपापड झाला होता. एप्रिल १९१५ मध्ये जॉन्सन हरला. बाबासाहेब त्या वेळी न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. त्यानंतर तब्बल २२ वर्षे एकाही काळ्याला ती संधी मिळाली नाही. म्हणून लुईच्या व्यवस्थापकांनी, तेही काळेच होते, त्याला नियम घालून दिले. गोऱ्या बाईबरोबर फोटो नको, पडलेल्या प्रतिस्पर्ध्याकडे पाहून हसायचे नाही, एकट्याने क्लबात जायचे नाही. म्हणजे मुठीत बळ असूनही आधी 'चांगला काळा' असल्याचे प्रमाणपत्र मिळवायचे! असे प्रमाणपत्र आमच्याकडेही मागितले जाते. लुईने ते मिळवले, यात मला अभिमान वाटण्यासारखे काही दिसत नाही. पण त्या वाटेने दार उघडले, हेही नाकारता येत नाही.

त्याचा उस्ताद जॅक ब्लॅकबर्न हा जुना काळा बॉक्सर. त्याचा पहिला धडा असा की काळ्याने गुणांवर जिंकण्याची आशा धरू नये, पंच गोरे असतात, प्रतिस्पर्ध्याला आडवाच करावा. मुलाखतीत गुण कमी पडलेल्या आमच्या मुलांना हा धडा लगेच कळेल. पण आडवा करण्यासाठी ब्लॅकबर्नने शिकवायला घेतले ते पाय आणि डावा हात. जॅब म्हणजे पुढच्या हाताचा सरळ, आखूड ठोसा. त्यात हात मागे खेचून जोर घ्यायचा नसतो, म्हणून तो येताना दिसत नाही. एकट्या जॅबने सहसा कोणी पडत नाही. तो अंतर मोजतो, समोरच्याची नजर झाकतो, त्याचा ताल मोडतो, त्याला पाय रोवू देत नाही. मग उजव्याला वाट सापडते. लुईचा जॅब मात्र नुसता टोचणारा नव्हता. डावा पाय अर्धे पाऊल पुढे सरकायचा, त्याबरोबर सगळ्या अंगाचे वजन खांद्यातून मुठीत उतरायचे. समोरच्याचे डोके मागे फेकले जायचे.

आणि याच जॅबने त्याचा घात केला. १९ जून १९३६, न्यूयॉर्क, समोर जर्मनीचा मॅक्स श्मेलिंग. लुई तोवर व्यावसायिक लढतीत हरला नव्हता. श्मेलिंगने त्याच्या लढती बारकाईने पाहिल्या होत्या. जॅब मारल्यावर लुईचा डावा हात सरळ रेषेत हनुवटीपाशी परत येत नाही, खाली घसरतो, हे त्याने हेरले. तेवढ्या क्षणापुरती हनुवटी उघडी पडते. त्या फटीतून त्याने उजवा हात घातला. चौथ्या फेरीत लुई पडला, बाराव्या फेरीत संपला. हिटलरच्या प्रचारकांनी वंशश्रेष्ठत्वाचे ढोल बडवले. काळ्या वस्त्यांत लोक रस्त्यावर रडले.

इथे थोडे थांबतो. आपला मोर्चा जिल्हाधिकारी कार्यालयावर धडकतो, निवेदन दिले जाते, फोटो छापून येतो. दुसऱ्या दिवशी त्या निवेदनाचे काय झाले ते विचारायला कोणी जात नाही. ठोसा मारतो, पण हात जागेवर परत आणत नाही, आणि समोरचा नेमकी तीच वेळ साधतो.

लुई हरल्यावर व्यायामशाळेत परतला आणि त्याच एका चुकीवर घाम गाळला. २२ जून १९३७ रोजी शिकागोत जेम्स ब्रॅडॉकला आठव्या फेरीत पाडून तो जगज्जेता झाला. बरोबर एक वर्षाने, २२ जून १९३८ रोजी, श्मेलिंग पुन्हा समोर आला. या वेळी डावा हात जाऊन जागेवर येत होता. सुरुवातीच्याच जॅबनी श्मेलिंगची मान मागे गेली, त्याला उजवा हात उचलायला जागाच उरली नाही. मग लुईचा उजवा. दोन मिनिटे चार सेकंदांत सगळे आटोपले. त्याच वर्षाच्या अखेरीस, निजामी मुलखाच्या सीमेलगत ब्रिटिश हद्दीत, बाबासाहेबांच्या उपस्थितीत मक्रणपूरची परिषद भरली. न्यूयॉर्कची ती बातमी मराठवाड्याच्या महारवाड्यांत कोण पोचवणार होते? श्मेलिंगविषयी एवढे सांगितले पाहिजे की तो नाझी पक्षात गेला नाही आणि १९३८ मध्येच त्याने दोन ज्यू मुलांना आपल्या खोलीत लपवून वाचवले.

पुढे युद्ध आले. लुईने १९४२ साली दोन लढतींचे मानधन नौदलाच्या आणि लष्कराच्या मदतनिधीला दिले आणि स्वतः सैन्यात भरती झाला. ते सैन्य गोऱ्या आणि काळ्या तुकड्यांत विभागलेले होते. अलाबामातल्या एका छावणीत बसथांब्यावर काळ्यांच्या बाकावर जायला त्याने नकार दिला, तर लष्करी पोलिसांनी जगज्जेत्याला पकडून नेले. किताब तो १९४९ पर्यंत राखून होता. त्याने तो २५ वेळा राखला, हेवीवेटमधला हा विक्रम अजून मोडलेला नाही.

देशाने परतफेड कशी केली? प्राप्तिकराची थकबाकी व्याजासह दहा लाख डॉलरच्या पुढे गेली. कर्जापायी त्याला पुन्हा रिंगमध्ये उतरावे लागले. २६ ऑक्टोबर १९५१ रोजी ३७ वर्षांचा लुई रॉकी मार्सियानोसमोर उभा होता. केस विरळ झालेले, पाय जड, उजव्यातला दम गेलेला. पहिल्या काही फेऱ्यांत तो जॅबच्या जोरावर टिकला. बाकी सगळे गेले तरी डावा हात राहिला होता. आठव्या फेरीत तो दोरांमधून बाहेर कोसळला.

उतारवयात तो लास वेगासच्या एका जुगारी हॉटेलात पाहुण्यांचे स्वागत करायच्या नोकरीवर होता. आर्लिंग्टनच्या सैनिकी स्मशानात त्याचे दफन झाले. त्या खर्चातला काही वाटा जर्मनीहून श्मेलिंगने उचलला होता.